माझा जबाब, ताईच्या तोंडून

९ मार्च

ताई,

मंगळवारी तू आलीस आणि काचेपलीकडे बसलीस. शिपायाने माझ्या हातात रिसीव्हर दिला. मी परत केला, त्याने पुन्हा दिला. असं तीनदा झालं. तू रिसीव्हर तोंडाशी धरून बोलत होतीस, त्यामुळे तुझे अर्धे ओठ झाकलेले. मी हातांनी विचारायला लागलो तर शिपायाने माझी मनगटं धरली आणि भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं. भेटीच्या वेळी हातवारे करायला मनाई आहे. खुणा करून कैदी बाहेर निरोप पाठवतात म्हणे. म्हणून लिहितोय. पत्र आधी इथले साहेब वाचतात, मग टपालात टाकतात. वाचू देत.

त्या शनिवारचं पुन्हा सांगतो. तुला त्यातलं किती माहीत आहे हे मला माहीत नाही.

शनिवारी कारखाना एकला सुटतो. मी एक खण जुळवायचा राहिला होता म्हणून थांबलो. खण चिकटवला, सरसाची शेगडी बंद केली, बटण पुन्हा हाताने चाचपून बघितलं. पॉलिशकाका मागच्या खोलीत डब्यांना झाकणं लावत होता. त्याला हात दाखवून मी बाहेर नळावर गेलो, हात धुतले, मागच्या शेडमध्ये बसून दोन पटाश्यांना धार लावली. पाऊण तास तरी गेला असेल. मग सायकल काढून मागच्या फाटकातून निघालो. माझ्या पाठीमागे कारखान्याला आग लागली होती हे मला कसं कळणार? पहारेकरी ओरडला असेल. कुणाला ओरडला?

चौकात मागून कुणीतरी माझी कॉलर धरली. वळलो, बोलायला हात उचलले, तर मी मारतोय असं समजून चौघांनी मला खाली पाडलं आणि हात मागे नेऊन बेड्या घातल्या. ताई, माझे हात मागे बांधणं म्हणजे तुझ्या तोंडात बोळा कोंबणं आहे. चौकीत तू येईपर्यंत मी तसाच बसून होतो. तू दारात दिसलीस तेव्हा मला हायसं वाटलं. तू साहेबांना सांगून हात सोडवलेस.

पण नंतरचं मला कळत नाही. साहेब विचारायचे, तू एकदोन खुणा करायचीस. मी दोन मिनिटं सांगायचो. तू त्यांना एक शब्द सांगायचीस. शेवटी एक कागद पुढे आला. तू मान डोलावलीस, मी सही केली.

त्या कागदावर काय होतं? आणि भाऊजी एकदाही का आले नाहीत?

धाकटा


१४ मार्च

माझ्या धाकट्या बाळा,

तुझं पत्र हातात पडलं आणि मी पाटावर बसून आधी रडून घेतलं, मग वाचलं. तू नीट जेवतोस का, तिथे पांघरूण आहे का, यातलं काहीच लिहिलं नाहीस. तुझी वरची खोली रोज झाडते. सायकल पोलिसांकडेच आहे.

कागदाचं एवढं मनावर घेऊ नकोस. तू जे सांगितलंस ते शब्दन् शब्द मी साहेबांना सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. साहेब माणूस वाईट नाही. मला म्हणाले, "बाई, त्याने सरळ सांगून टाकलं तर आम्हालाही सांभाळून घेता येतं. मुक्या माणसाला कोण कशाला त्रास देईल?" तू मुका नाहीस हे मी त्यांना म्हणणार होते, पण तेव्हा ते सुचलं नाही.

पॉलिशकाका दवाखान्यात आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. जीव वाचला म्हणतात, पण पुन्हा कापडाचा बोळा धरता येईल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. त्याची बायको मला व्हरांड्यात भेटली. तिने तोंड फिरवलं.

आता एक विचारते, रागावू नकोस. शुक्रवारी तुझं आणि ह्यांचं खुर्चीच्या पायावरून वाजलं होतं. तू पटाशी बाकावर आपटलीस, ते सगळ्यांनी बघितलं. तू लहानपणीही रागाच्या भरात हातातलं फेकायचास. आणि नंतर असा रडायचास की आईला हसू यायचं. तसं काही झालं असेल तर मला एकटीला सांग. तुला दुसऱ्या कुणी नाही तरी मी समजून घेईन.

ह्यांना यायला जमत नाही कारण कारखाना बंद आहे, फोरमन म्हणून मालक रोज ह्यांनाच बोलावतात, विमेवाले येतात. घरी येतात तेव्हा पार गळून गेलेले असतात.

(इथे दोन ओळी काळ्या शाईने खोडलेल्या होत्या.)

कपडे पाठवले आहेत. मिळाले की कळव.

तुझी ताई


२० मार्च

ताई,

कपडे मिळाले.

सरकारने दिलेला वकील परवा येऊन गेला. दहा मिनिटं बसला. मिशा ओठांवर आलेल्या, आणि सगळा वेळ कागदात डोकं घालून बोलत होता. मी खिशातला पेन्सिलचा तुकडा काढून लिहिलं, "मला जबाब वाचायला द्या." त्याला मला वाचता येतं याचंच नवल वाटलं. त्याने तो माझ्यापुढे ठेवला.

त्यातली वाक्यं मी पाठ केली आहेत. "मी शेगडी चालू केली आणि निघून गेलो." "फोरमनवर माझा राग होता." "पुढे काय होईल याची मला कल्पना होती." खाली माझी सही. त्याखाली तुझी.

मी सांगितलं होतं, शेगडी बंद केली. मी सांगितलं होतं, नळावर हात धुताना खिडकीतून भाऊजी सरसाच्या खोलीत जाताना दिसले, हातात किल्ल्या होत्या. भाऊजींची खूण मी तीनदा केली. चष्म्याची, आपल्या घरातली. तू ती बघितलीस. तुझी नजर खाली गेली, ते मला अजून दिसतंय. जबाबात भाऊजी खोलीत गेल्याचं एक अक्षर नाही. माझा त्यांच्यावर राग आहे तेवढं मात्र आहे.

तू लिहितेस, शब्दन् शब्द सांगितला. कुणाचा?

आणि तुझ्या पत्रातल्या त्या दोन ओळी कुणी खोडल्या? इथे साहेब निळी शाई वापरतात. मी त्यांच्या टेबलावर बघितली आहे.

मी रागाच्या भरात काही केलेलं नाही. पॉलिशकाकाने मला पहिला रंधा हातात धरायला शिकवला. तो आत आहे हे माहीत असताना मी शेगडी पेटती ठेवून जाईन असं तुला वाटू शकतं, हे तुझ्या पत्रातून कळलं. बरं झालं कळलं.

हे पत्र भाऊजींना दाखवू नकोस. की दाखवतेस?

धाकटा


२७ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. तुला असं विचारावंसं वाटलं हेच मला लागलं.

तीस वर्षं मी तुझा आवाज झाले. दवाखान्यात, शाळेच्या दाखल्यासाठी, पासपोर्टच्या रांगेत, तुझ्या लग्नासाठी त्या मुलीच्या घरी बोलणी करायला गेलो तेव्हा. माझं लग्न ठरलं तेव्हा मी ह्यांना पहिली अट घातली की भाऊ माझ्यासोबत राहील. कारखान्यात तुला ह्यांनीच चिकटवलं. आणि आज तू माझ्या नजरेचा हिशोब मांडतोस. दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं की कुणीतरी त्याचे कान भरले. तुझ्या बाबतीत तेवढंही म्हणायची सोय नाही. पण तुझ्या त्या लांब्या मित्राने काहीतरी लिहून कळवलं असणार, एवढं मला समजतं. मागच्या आठवड्यात तो इथे आला होता. दारात उभा राहून पाटीवर लिहिलं, "चौकीत दुभाषी मागितला होता का?" मी म्हटलं, मी होते ना. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी चोरलंय.

त्या दोन ओळी मीच खोडल्या. अक्षर बिघडलं होतं.

ह्यांना मी विचारलं. "शनिवारी तुम्ही परत सरसाच्या खोलीत गेला होतात का?" म्हणाले, "मी कशाला जाऊ? मी ऑफिसात होतो." वर बघितलं नाही, जेवत राहिले. नंतर म्हणाले, "त्याला बाहेर काढायचं सोडून तू मलाच आत घालायला निघालीस का?"

आणि तू स्वतः मान हलवत होतास. साहेबांनी विचारलं, "शेगडी चालू केली का?" तू मान हलवलीस. "राग होता का?" मान हलवलीस. "कळत होतं का काय होईल ते?" तेव्हाही. साहेब म्हणाले, "बघा, तो हो म्हणतोय." मी डोळ्यांनी बघितलेलं नाकारू कसं?

२२ एप्रिलची तारीख लागली आहे. कोर्टाने कळवलंय की बहीण उपलब्ध आहे, तीच सांगेल. मी येईन. तुला माझ्यावर विश्वास नसला तरी येईन.

ताई


४ एप्रिल

ताई,

मान हलवणं म्हणजे हो नाही. आमच्यात त्याचा अर्थ "बघतोय, पुढे बोल" एवढाच असतो. तू माझ्याशी बोलतेस तेव्हा मी मान हलवत असतो, कारण मी मान थांबवली की तुझे हात थांबतात, तोंड वळतं आणि तू निघून जातेस. तीस वर्षांत मी किती वेळा तुला काही न कळता मान हलवली असेल, मोजलं नाही. जेवताना सगळे हसले की मी हसतो, तसंच ते.

इथे त्या सवयीने मला तीन दिवस वेगळ्या कोठडीत टाकलं. सकाळी हजेरीला नाव पुकारतात. मी शेजारच्याचा चेहरा बघून हात वर करतो. त्या दिवशी शेजारचा बदलला होता. माझं नाव कधी आलं आणि गेलं, कळलं नाही. साहेबांनी समोर येऊन काहीतरी विचारलं, मी मान हलवली. नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं, "मुद्दाम गप्प बसलास का?"

लांब्याने मला काहीही भरवलेलं नाही. त्याची भेट मला एकदाच मिळाली. तो बहिऱ्यांच्या शाळेत माझ्या शेजारी बसायचा, आता त्याच शाळेत शिकवतो. त्याच्यासोबत एक बाई होत्या. त्यांचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे त्या आमच्या भाषेतच वाढल्या. कोर्टात दुभाष्याचं काम करतात. त्यांना दारातूनच परत पाठवलं. बहीण आहे ना, मग बाहेरची बाई कशाला, असं सांगितलं म्हणे.

आता माझं ऐक. बावीस तारखेला तू माझ्या शेजारी उभी राहिलीस तर मी हात खिशात घालेन आणि काढणार नाही. मला गप्प बसल्याची शिक्षा झाली तरी चालेल. स्वतःचं बोलून दुसऱ्याचं लिहिलं जाण्यापेक्षा ते बरं.

तू खोटं बोललीस असं मी म्हणतोय, असं तुला वाटेल. तेच म्हणत होतो. पण कोठडीत बसून दुसरंच डोक्यात आलं. म्हणून एक विचारतो. शेगडी बंद केली, हे मी चौकीत हातांनी कसं सांगितलं? आणि चालू केली असं सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतं? दोन्ही लिहून पाठव. कुणाला विचारू नकोस. लांब्याला तर नाहीच.

धाकटा


१२ एप्रिल

धाकट्या,

मी आरशासमोर उभी राहिले. मनगट वळवलं. हे बंद. मग चालू कसं, म्हणून पुन्हा मनगट वळवलं. तेच झालं. बोटं मिटायची की उघडायची, हात वर न्यायचा की खाली, मला आठवेना. आठवणार कुठून, कधी बघितलंच नव्हतं. घरात तू मनगट वळवायचास, मी शेगडीकडे बघायचे. पेटलेली असली तर विझवायचे, विझलेली असली तर पेटवायचे. एवढ्यावर आपलं चाललं.

मला तुझी भाषा येत नाही. तू शाळेतून सुट्टीला यायचास तेव्हा तुझे हात भराभर चालायला लागले होते. मी थोडे दिवस शिकायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. लोक म्हणायचे, "भावाचं सगळं हिलाच कळतं." मला ते ऐकायला आवडायचं. कळत नव्हतं तिथे मी अंदाजाने भरायचे. बहुतेक वेळा जमायचं, कारण विषय जेवणाचा नाहीतर डोकेदुखीचा असायचा.

चौकीत निम्म्याहून जास्त कळलं नाही. साहेब माझ्याकडे बघत होते, शिपाई बघत होते. "नाही कळलं" म्हणायला जीभ उचलेना. तुझी चष्म्याची खूण कळली होती. पण मी आत शिरण्याआधीच मनाशी ठरवलं होतं की शुक्रवारच्या भांडणातूनच हे झालंय. म्हणून मी सांगितलं, "तो माझ्या मिस्टरांवर रागावलेला आहे." तुझ्यावर संशय पोलिसांच्या आधी मी घेतला.

आता पुढचं. हे पत्र तिथले साहेब वाचतील हे मला माहीत आहे. वाचू देत.

पहिल्या पत्रात खोडलेल्या ओळी अशा होत्या. "हे शनिवारी घरी आले तेव्हा शर्टाची बाही सरसाने कडक झाली होती. मी ती गरम पाण्यात भिजवली." लिहिताना लिहून गेले, मग वाचलं आणि खोडलं. फोरमन माणूस स्वतः सरस लावत नाही. मी अक्षराचं कारण सांगितलं ते खोटं होतं.

३० मार्चला मी तो शर्ट ह्यांच्यासमोर ठेवला. म्हणाले, एका गिऱ्हाइकाची खुर्ची सोमवारी द्यायची होती, पायाचा सांधा तूच बरोबर सांगत होतास, तो सुटला. म्हणून गुपचूप परत जाऊन शेगडी लावली. तेवढ्यात ऑफिसात फोन वाजला, मालकांचा होता, लांबला. खाली भुसा झाडलेला नव्हता, त्याने पेट घेतला. मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही?" म्हणाले, "मला वाटलं, बहिरा म्हणून त्याला सोडून देतील. मला कोण सोडणार?"

हे मला कळून आज तेरा दिवस झाले. तेरा दिवस मी गप्प होते. तू कोठडीत होतास ते त्यातलेच दिवस. हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

ताई


१८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र इथल्या साहेबांनी दोन दिवस स्वतःकडे ठेवलं. मग वकिलाला बोलावलं. या वेळी त्याने मिशा कापल्या होत्या. माझ्यासाठी कापल्या की उन्हाळ्यासाठी, ते कळलं नाही. त्याने पत्राची प्रत घेतली आणि दुभाषी बाईंसाठी अर्ज केला.

मी पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे तुझ्याकडून कुणीतरी लिहवून घेतलं. दुसऱ्यांदा वाटलं, भाऊजींना वाचवायचा हा नवा मार्ग असेल, तू आधी कबूल करायचं आणि कोर्टात फिरायचं. एकदा संशयाची सवय लागली की चांगल्या बातमीचीही पाठ उलटून बघावीशी वाटते.

मला आता काही लिहू नकोस. बावीसला ये. काय बोलतेस ते तिथे बघेन.

धाकटा


३ मे

ताई,

मी लांब्याकडे आहे. शाळेच्या मागे त्याची खोली आहे, दोन खाटा मावतात. पत्ता मागे लिहिला आहे.

तू कोर्टात जे बोललीस ते तुला माहीत आहे. मला ते कसं दिसलं ते सांगतो.

दुभाषी बाई माझ्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या, पाठ न्यायाधीशांकडे. आधी पहारेकरी आला. म्हणाला, मी तीनदा "थांब" म्हणून ओरडलो, तो थांबला नाही, पळाला. न्यायाधीशांनी विचारलं, "तो बहिरा आहे हे तुम्हाला माहीत होतं?" पहारेकरी म्हणाला, "सगळ्यांनाच माहीत आहे, साहेब." मग त्याचे ओठ बराच वेळ हलले नाहीत. बाईंचे हात मांडीवर पडून राहिले. कुणी गप्प आहे हे मला पहिल्यांदा त्याच वेळी कळलं, जेव्हा सगळ्यांना कळलं.

मग तू. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचा भाऊ कोणती भाषा बोलतो?" तू म्हणालीस, "मला माहीत नाही, साहेब. मी त्याला कधी विचारलं नाही." त्यांनी विचारलं, "मग चौकीत भाषांतर कसं केलंत?" तू म्हणालीस, "ये, जा, जेव, झोप, दुखतंय का, एवढं मला येतं. बाकी मी माझ्या मनाचं सांगितलं. त्या जबाबात माझा भाऊ नाही, मीच आहे." सरकारी वकील म्हणाला, तुम्ही भावाला वाचवायला आता हे म्हणताय. तू म्हणालीस, "भावाला वाचवायला नवऱ्याला कोण अडकवेल, तुम्हीच सांगा."

लोक हसले. मी पण हसलो, त्यांच्याबरोबरच, उशिरा नाही.

ताई, तू अशी बोलतेस हे मला माहीत नव्हतं. तू वाक्य अर्धं सोडून दुसरं धरतेस. समोरचा बोलत असताना मध्येच बोलतेस. बाई म्हणाल्या, तुझ्या मागे हात पळवताना त्यांची दमछाक झाली. चौतीस वर्षांचा झालो आणि माझी बहीण बडबडी आहे हे त्या दिवशी कळलं.

मग माझी पाळी आली. मी पाऊण तास बोललो. कुणी मनगट धरलं नाही. बाईंनी दोनदा थांबवलं, "हे पुन्हा सांग, मला नीट समजलं नाही," म्हणून. तू असं एकदा जरी म्हणाली असतीस.

पुढचं तू ऐकलंच असशील. तो जबाब न्यायाधीशांनी बाजूला काढला. तीन दिवसांनी भाऊजी स्वतः चौकीत गेले आणि सांगितलं, मग मला सोडलं. ते तुझ्या सांगण्यावरून गेले की पत्राला भिऊन, मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही.

सुटल्यावर आधी दवाखान्यात गेलो. पॉलिशकाकाचे हात अजून पट्ट्यांत आहेत. बायको दारात उभी होती, या वेळी बाजूला झाली. काकाने मला बघितलं आणि पट्टीतलाच हात उचलून रंधा मारल्यासारखा पुढे-मागे केला. म्हणजे कामावर जा. कुठे जाऊ ते त्याने सांगितलं नाही. त्या कारखान्यात मी जाणार नाही.

धाकटा


११ मे

धाकट्या,

बडबडी म्हणालास ते वाचून मी एकटीच हसले. मग वाटलं, हे तुला इतक्या वर्षांत मी कळू दिलं नाही.

ह्यांची केस सुरू होईल. घरात आम्ही एकमेकांशी मोजकंच बोलतो. मी त्यांना सोडलेलं नाही आणि माफही केलेलं नाही. रोजचा स्वयंपाक होतो, कपडे धुतले जातात. सकाळी ते दवाखान्यात जाऊन बाहेर बाकावर बसतात. काकाची बायको आत सोडत नाही. तरी जातात.

तुझी खोली तशीच आहे. घरी कधी येतोस?

ताई


१६ मे

ताई,

घरी येणार नाही. भाऊजींमुळे नाही. त्या घरात मला पुन्हा मान हलवत बसावं लागेल म्हणून.

तू माझ्याशी आता खोटं बोलत नाहीस असं मला वाटतं. पण संशय गेलेला नाही, तो मागे सरकत चाललाय. चौकीतून निघून आता जुन्या गोष्टींत शिरलाय. त्या मुलीच्या घरच्यांनी मला नकार दिला तेव्हा तू एवढंच सांगितलंस, "पत्रिका जुळली नाही." ते लोक तासभर बोलत होते. शाळेचा निकाल लागला तेव्हा मास्तर बाबांशी काय बोलले, ज्यानंतर मला पुढे शिकवलं नाही?

आणि आई. शेवटच्या दिवशी आई माझा हात धरून बोलत होती. तिचे ओठ सुकले होते, मला वाचता येईनात. तू उशाशी होतीस. दुपार उलटून गेली तरी ती बोलतच होती. मी तुला विचारलं, तू एक खूण केलीस. "काळजी घे म्हणते." एवढंच.

दुपारभर बोलून आई काळजी घे एवढंच म्हणाली?

शनिवारी इथे ये. दुभाषी बाई येणार आहेत, मी त्यांना विचारून ठेवलंय. मला सगळं ऐकायचंय. जसंच्या तसं.

धाकटा


१९ मे

धाकट्या,

नाही. आई एवढंच म्हणाली नव्हती.

शनिवारी येते. आठवतंय तेवढं लिहून काढायला बसले होते. दोन पानं झाली, मग वाचून बघितली. तीन ठिकाणी मी तिचं बोलणं गोड केलं होतं. म्हणून ती पानं फाडली. समोर बसून सांगते, बाईंना म्हणावं मला अधेमधे थांबवा.

तुझ्याबद्दल ती जे बोलली त्यातलं काही तुला आवडणार नाही. माझ्याबद्दल जे बोलली ते मलाही आवडलं नव्हतं. म्हणूनच तेव्हा एकच खूण केली.

ताई